किल्ली कोणाकडे?

पोस्टकार्डावर काय लिहायचं आणि पाकिटात काय घालायचं, हे आपल्या वाडवडिलांना कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. मुंजीचा मुहूर्त कार्डावर जाई, पावसापाण्याची हकीकत कार्डावर जाई. पण वाटणीचा तंटा, लेकीचं सासरचं दुखणं, सावकाराचं देणं या गोष्टी पाकिटात बंद होत आणि गोंद नीट लागला आहे ना, हे पाहूनच पेटीत पडत. कार्ड पोस्टमन वाचील, वाटेत आणखी कुणी वाचील, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नसे. कारण काय उघडं ठेवायचं नि काय झाकायचं, ही निवड लिहिणाऱ्याच्या हाती होती.

आज आपली पत्रं, बँकेचे व्यवहार, डॉक्टरांची चिठ्ठी, मुलांचे फोटो हे सारं मोबाईलमधून जातं. त्यांतलं कार्ड कोणतं आणि पाकीट कोणतं, हे मात्र वरून पाहून कळत नाही. ज्याच्यात्याच्या ॲपवर कुलपाचं चित्र असतं, आणि तुमचा खासगीपणा आम्हांला मोलाचा आहे, हे वाक्यही असतं. मग निवड करायची कशी? नुसती नावांची यादी दिली, तर ती वर्षा-दोन वर्षांत शिळी होईल. म्हणून इथे चार प्रश्न सांगतो. नावं येतील ती उदाहरणादाखल. प्रश्न विचारायची सवय लागली, की यादी तुमची तुम्हांला करता येईल.

त्याआधी एका शंकेचं निरसन केलं पाहिजे. पुष्कळजण म्हणतात, "आम्ही साधी माणसं. आमच्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?" अहो, आंघोळीला जाताना आपण दाराला कडी लावतो, ती काही गुन्हा करायचा असतो म्हणून नव्हे! खासगीपणा म्हणजे काही चोरीचा माल नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या खटल्यात, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. तेव्हा कडी लावण्याचं कारण कुणाला सांगायला हवं, असं नाही.

आता पहिला प्रश्न : मला झाकायचं आहे ते कोणापासून?

हा प्रश्न न विचारता लोक दुकानात शिरतात आणि भलतंच कुलूप घेऊन येतात. तीन माणसं डोळ्यांपुढे आणा. एक नोकरदार गृहस्थ. त्यांना एवढंच हवं आहे, की गुडघेदुखीचं औषध एकदा शोधलं म्हणून महिनाभर गुडघ्याच्याच जाहिराती मागे लागू नयेत. दुसरा जिल्ह्याच्या गावी काम करणारा वार्ताहर. त्याला माहिती देणाऱ्या माणसाचं नाव उघड झालं, तर त्या माणसाची नोकरी जाईल. तिसरी एक विवाहित स्त्री. तिचा नवरा तिचा फोन रोज तपासतो. ती माहेरी काय बोलली, कुठे गेली, हे त्याला न सांगता कळतं.

या तिघांचं औषध एक नाही. पहिल्याला चांगला ब्राउझर पुरतो. दुसऱ्याला निरोपाचं भक्कम साधन हवं. आणि तिसरीला? तिला परदेशातली कोणतीही महागडी सेवा उपयोगाची नाही, कारण तिचा पाळतदार घरातच आहे. तिने पाहायचं ते वेगळंच. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' नावाची जागा आहे. तिथे अनोळखी संगणक जोडलेला दिसला, तर तिचे निरोप दुसरीकडे उमटत आहेत असं समजावं. गूगल खात्यात ते खातं कोणकोणत्या फोनवर उघडलेलं आहे, याची यादी मिळते. नकाशाच्या ॲपमध्ये आपलं ठिकाण कुणाला दिसत आहे, तेही कळतं. पण एक सावधगिरी इथे फार महत्त्वाची आहे. घरात मारहाणीची भीती असेल, तर ही जोडणी एकाएकी तोडू नये. तुटली की पाहणाऱ्याला ते लगेच कळतं. आधी दुसऱ्या कुणाच्या फोनवरून विश्वासाच्या माणसाशी किंवा १८१ या महिला मदतवाहिनीशी बोलावं, आणि मग पाऊल उचलावं.

सांगायचा मुद्दा हा, की धोका कुठून आहे हे ठरल्याशिवाय साधन ठरत नाही.

दुसरा प्रश्न : किल्ली कोणाकडे?

या विषयाचं मर्म इथे आहे. ट्रंकेला कुलूप आहे एवढं पाहून भागत नाही. किल्ली हमालाच्या खिशात असेल, तर त्या कुलपाचा उपयोग काय? बऱ्याच सेवा तुमचा मजकूर कुलपात ठेवतात हे खरं, पण किल्ली कंपनीकडेच असते. वाटेतल्या चोराला तो मजकूर वाचता येत नाही. कंपनीला मात्र वाचता येतो, आणि कंपनीकडे मागायला येणाऱ्यालाही मिळू शकतो. याच्या उलट, ज्याला एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणतात, त्यात किल्ल्या फक्त दोन टोकांच्या दोन फोनांत असतात. मधल्या कंपनीच्या हाती नुसतं बंद पाकीट.

व्हॉट्सॲपने ही पद्धत सर्व निरोपांना २०१६ साली लावली, आणि त्यासाठी सिग्नल या ॲपच्याच कुलपाची बनावट घेतली. टेलिग्रामची ख्याती गुप्ततेची असली, तरी त्यावरचं नेहमीचं बोलणं असं दोन्ही टोकांना बंद नसतं. त्यासाठी 'सीक्रेट चॅट' मुद्दाम उघडावा लागतो, आणि ग्रूपला तर ती सोयच नाही. नावलौकिक आणि वस्तुस्थिती यांत असं अंतर असतं.

मग व्हॉट्सॲप आणि सिग्नल यांत फरक काय राहिला? फरक पाकिटाच्या बाहेरच्या बाजूचा. आतलं पत्र दोन्हीकडे बंद आहे. पण कुणी कुणाला, केव्हा, किती वेळा लिहिलं, ही वरची माहितीही बोलकी असते. एखादी व्यक्ती रात्री अकराला कर्करोगाच्या डॉक्टरांना, त्यानंतर लगेच विमा कंपनीला आणि मग भावाला फोन करते. काय बोलणं झालं, हे वेगळं सांगायला हवं का? ही वरची माहिती व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला मिळू शकते. सिग्नलने ती शक्य तितकी न ठेवण्याचीच व्यवस्था केली आहे. २०१६ साली अमेरिकेत, व्हर्जिनिया भागातल्या एका चौकशीत, सिग्नलकडे न्यायालयीन हुकमाने माहिती मागण्यात आली. त्यांना देता आल्या त्या दोनच गोष्टी : खातं केव्हा उघडलं, आणि ते शेवटी केव्हा जोडलं गेलं. बाकीचं त्यांनी नाकारलं असं नव्हे. ते त्यांच्याजवळ नव्हतंच.

इथे वचन आणि रचना यांतला भेद ध्यानात घ्या. "आम्ही पाहणार नाही" हे वचन झालं. "आम्हांला पाहताच येणार नाही" ही रचना झाली. वचन देणारा उद्या बदलू शकतो, कंपनी विकली जाऊ शकते, नियम पालटू शकतात. रचना त्या मानाने टिकते. जीमेलचंच पाहा. २००४ साली ती सेवा सुरू झाली, तेव्हापासून पत्रांतला मजकूर यंत्राकडून वाचून त्यावरून जाहिराती दाखवल्या जात. २०१७ साली गूगलने ही प्रथा बंद करण्याचं जाहीर केलं. चांगलं केलं. पण किल्ली पूर्वी होती तिथेच, म्हणजे कंपनीकडेच आहे.

आणि एक फट अशी, की पुष्कळांच्या ती लक्षातच येत नाही. व्हॉट्सॲपचे निरोप बंद, पण त्यांची जी प्रत रात्री गूगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर जाते, तिचं काय? तिला वेगळं कुलूप लावण्याची सोय २०२१ साली आली, पण ती आपली आपण चालू करावी लागते. सेटिंग्जमध्ये चॅट्स, त्यात चॅट बॅकअप, तिथे ही सोय सापडेल. पुढचं दार लोखंडी करून मागचं दार लोटून ठेवण्यात काय अर्थ?

तिसरा प्रश्न : या सेवेचं पोट कशावर भरतं?

टपाल खात्याचा हिशेब सरळ होता. तिकीट चिकटवा, पत्र पोचेल. आज फुकट मिळणाऱ्या सेवेला तिकीट कोण चिकटवतं, हे पाहायला हवं. फुकट म्हणजे वाईटच असं नाही. सिग्नल देणग्यांवर चालतं. त्यामागे २०१८ साली स्थापन झालेली विनानफा संस्था आहे. फायरफॉक्स ब्राउझरच्या मागेही अशीच संस्था आहे, पण तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग गूगलकडून येतो, हेही माहीत असावं. उत्पन्न कुठून येतं हे उघडपणे कळत असेल, तर आपल्याला तोलून पाहता येतं. कळत नसेल, तर सावध व्हावं.

ओनावो नावाच्या ॲपची गोष्ट या बाबतीत बोधप्रद आहे. ओनावो ही कंपनी फेसबुकने २०१३ साली विकत घेतली. तिचं ॲप फुकट होतं, आणि ते तुमची माहिती सुरक्षित ठेवील असं सांगितलं जाई. प्रत्यक्षात फोनवरचा सारा व्यवहार त्यातून जात असल्यामुळे, लोक दुसऱ्या कोणत्या कंपन्यांची ॲप किती वापरतात, हे फेसबुकला समजत होतं. २०१८ साली ॲपलच्या दुकानातून ते काढावं लागलं. २०२३ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने, लोकांची दिशाभूल केल्याबद्दल फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. रखवालदार ठेवला, आणि तोच घरातल्या वस्तूंची यादी करून मालकाला देऊ लागला, अशातली गत!

अव्हास्टचंही तसंच. संगणकातले विषाणू मारणारं हे सॉफ्टवेअर जगभर घरोघर होतं. लोकांनी कोणती पानं पाहिली याची माहिती ते गोळा करी, आणि जंपशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत ती विकली जाई. उपकंपनी २०२० साली बंद करण्यात आली; २०२४ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अव्हास्टवर १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याची पाळी आणली. म्हणून 'सुरक्षा' हा शब्द पाटीवर आहे एवढ्यावर जाऊ नये.

चौथा प्रश्न : कुलपाची बनावट उघडी आहे का, आणि ते कधी कसोटीला लागलं आहे का?

लहानपणी आपण 'च'ची भाषा बोलत असू. मोठ्यांना कळू नये म्हणून प्रत्येक शब्दात 'च' घुसडायचा. गंमत कुठवर? युक्ती समोरच्याला ठाऊक नाही तोवर. एकदा ती कळली, की सारंच गुपित फुटलं. हॉलंडमध्ये जन्मलेले नि फ्रान्समध्ये भाषा शिकवणारे ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ सालीच सांगून ठेवलं, की गुप्तलेखनाची पद्धत शत्रूला पूर्ण कळली तरी बिघडता कामा नये. गुप्त असावी ती फक्त किल्ली. आजच्या सॉफ्टवेअरलाही हीच कसोटी लागते. ज्यांचा कोड सर्वांना तपासता येतो, त्यांना मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. सिग्नल, फायरफॉक्स, परवलीचे शब्द सांभाळणारं बिटवॉर्डन ही त्यांपैकी. तुम्हां-आम्हांला तो कोड वाचता येणार नाही. पण वाचू शकणारे वाचतात, ही भीती बनवणाऱ्याला राहते. अर्थात, उघडं आहे म्हणजे निर्दोष आहे असंही नाही. २०१४ साली उघडकीला आलेला हार्टब्लीड हा दोष एका मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये दोन वर्षं कुणाच्या नजरेला पडला नव्हता.

कसोटीचं म्हणाल, तर व्ही.पी.एन. या वस्तूपासून सुरुवात करू. तिचा बोलबाला फार आहे. व्ही.पी.एन. म्हणजे आपला इंटरनेटचा प्रवाह दुसऱ्याच्या नळातून फिरवून नेणं. त्यामुळे तुमच्या इंटरनेट कंपनीला तुम्ही कुठे जाता ते दिसत नाही. आता ते व्ही.पी.एन.वाल्याला दिसतं. विश्वास नाहीसा होत नाही, त्याची जागा बदलते. बँकेचं संकेतस्थळ तर त्याच्याविनाही कुलपातच असतं. म्हणून रोजच्या वापराला ही वस्तू लागतेच असं नाही. घ्यायचीच झाली, तर ती कुणाची आणि कुठल्या कायद्याखालची, हे पाहावं. २८ एप्रिल २०२२ रोजी आपल्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने, व्ही.पी.एन. कंपन्यांनी ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपून ठेवावेत, असा आदेश काढला. त्यावर काही परदेशी कंपन्यांनी भारतातली आपली यंत्रं हलवली.

आता दोन सेवांची परीक्षा कशी झाली, ते ऐका. मुलव्हाड ही स्वीडनमधली व्ही.पी.एन. कंपनी. ती ग्राहकाचं नाव किंवा ई-मेल विचारत नाही; एक क्रमांक देते, झालं. एप्रिल २०२३ मध्ये पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन तिच्या गोथेनबर्गच्या कचेरीत आले. ग्राहकांची माहिती इथे नाहीच, हे कंपनीने दाखवून दिलं, आणि पोलीस रिकाम्या हाताने परतले. प्रोटॉन मेल ही स्वित्झर्लंडमधली पत्रसेवा. २०२१ साली स्विस अधिकाऱ्यांच्या हुकमावरून तिला एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याचा आय.पी. पत्ता नोंदवून द्यावा लागला. पत्रांतला मजकूर मात्र तिला देता आला नाही, कारण त्याची किल्ली तिच्याकडे नव्हती. प्रोटॉन वाईट ठरली, असा याचा अर्थ नाही. जे कुलपात होतं ते राहिलं. ज्याबद्दल नुसता भरवसा होता ते गेलं. वचन आणि रचना यांतला भेद याहून स्पष्ट कुठे दिसणार?

आता मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. 'इन्कॉग्निटो' उघडलं म्हणजे आपण अदृश्य झालो, असा समज आहे. त्याने फक्त तुमच्याच यंत्रावर नोंद राहत नाही. समोरच्या संकेतस्थळाला आणि इंटरनेट कंपनीला दिसायचं ते दिसतंच. दोन टोकांचं कुलूप कितीही भक्कम असलं, तरी टोकच फोडलं तर त्याचा इलाज चालत नाही. २०१९ साली पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने सुमारे १४०० फोन लक्ष्य केल्याचं व्हॉट्सॲपने जाहीर केलं; त्यांत भारतातले पत्रकार आणि मानवी हक्कांचे कार्यकर्तेही होते. आणि पलीकडच्या माणसाने तुमच्या निरोपाचं चित्र काढून चारजणांना पाठवलं, तर त्याला कोणतं सॉफ्टवेअर काय करणार? २०२३ साली आपल्याकडे व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. तो उपयोगी पडेल. पण कायदा चोरी झाल्यावर येतो, कडी आधी लावावी लागते.

मग सुरुवात कुठून करावी? सारं एका दिवसात बदलायला जाल, तर तिसऱ्या दिवशी कंटाळून सोडून द्याल. म्हणून क्रमाने घ्या. पहिल्या रविवारी फोनला नीट कुलूप लावा, आणि कोणत्या ॲपला ठिकाण, मायक्रोफोन, फोनमधले पत्ते यांची परवानगी दिली आहे, ते पाहा. टॉर्चच्या ॲपला तुमच्या मावशीचा नंबर कशाला हवा? निरुपयोगी ॲप काढून टाका. सर्वांत सुरक्षित ॲप म्हणजे नसलेलं ॲप. दुसऱ्या रविवारी परवलीचे शब्द सांभाळणारं एखादं सॉफ्टवेअर घ्या, म्हणजे प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द ठेवता येईल. मात्र त्याचा मुख्य परवलीचा शब्द लांबलचक असू द्या. २०२२ साली लास्टपास या कंपनीकडून ग्राहकांच्या बंद तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या. ज्यांचा मुख्य शब्द तोकडा होता, त्यांना खरी धास्ती होती. तो शब्द कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवायला हरकत नाही. किल्ली फक्त तुमच्याकडे असण्याचा दुसरा अर्थ असा, की ती हरवली तर कंपनीही दार उघडून देऊ शकत नाही.

तिसऱ्या रविवारी ब्राउझर. फायरफॉक्स घेऊन त्यात यूब्लॉक ओरिजिन ही जोड बसवली, की पाठलाग करणाऱ्या जाहिराती पुष्कळ कमी होतात. आणि चौथ्या रविवारी निरोपाचं पाहा. सगळ्या नातलगांना व्हॉट्सॲपवरून उठवून सिग्नलवर नेण्याचा हट्ट धरू नका. आत्या येणार नाही, काका रुसतील, आणि लग्नाची पत्रिका तुम्हांलाच मिळायची राहील! पत्रिका कार्डावर जायची गोष्ट आहे. ती तिथेच जाऊ द्या. ज्या दोन-तीन माणसांशी आजारपणाचं, पैशाचं किंवा मनातलं बोलायचं असतं, तेवढ्यांनाच सिग्नल घ्यायला सांगा. एवढ्याने तुमच्या हाती पुन्हा कार्ड आणि पाकीट अशी दोन्ही साधनं येतील. कशात काय लिहायचं, हे मग तुमचं तुम्ही ठरवा.